पार्श्वभूमी : डिझायनरचा सुगंध नेमका कोणाचा?

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात लग्नमांडवात पाहुण्यांच्या मनगटाला लावतात ते अत्तर आणि बाटलीतून अंगावर फवारतात तो सेंट, असा भेद बोलण्यात अजून टिकून आहे. कपड्यांच्या डिझायनरने बाजारात आणलेल्या सुगंधाला अनेकदा अत्तर म्हटले जाते, ते मात्र बरोबर नाही. कनौजच्या जुन्या पद्धतीत तांब्याच्या देगेत फुले उकळून त्यांची वाफ चंदनतेलात उतरवतात. परफ्यूम हे अनेक सुगंधी द्रव्यांचे अल्कोहोलमधील मिश्रण असते. (चंदन महागल्यापासून पुष्कळ अत्तरांत त्याची जागा लिक्विड पॅराफिनने घेतली, हा वेगळा विषय.)

पॅरिसमधील एका डिझायनरने १९११ मध्ये सुगंधाचा व्यवसाय काढला, पण त्याला स्वतःचे नाव न देता मुलीचे दिले. पुढे १९२१ मध्ये दुसऱ्या एका स्त्री डिझायनरने स्वतःच्या नावाने सुगंध आणला. तो घडवला होता रशियात जन्मलेल्या एका सुगंधकाराने. त्याने १ ते ५ आणि २० ते २४ असे क्रमांक घातलेले नमुने तिच्यापुढे ठेवले आणि तिने पाचवा निवडला. निवड तिची आणि घडण त्याची असताना सुगंध ‘तिने केला’ असे म्हणायचे का, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

खरा वाद १९२४ च्या कराराचा. सुगंधासाठी वेगळी कंपनी निघाली, तीत कारखाना आणि भांडवल असलेल्या भावांना ७० टक्के, त्यांची गाठ घालून देणाऱ्या दुकानमालकाला २० टक्के आणि जिचे नाव बाटलीवर होते तिला १० टक्के वाटा मिळाला. आपल्याला नाडले, असे ती पुढे म्हणत राहिली. परंतु माल तयार करण्याचा आणि जगभर पोहोचवण्याचा भार भागीदारांनी उचलला होता, हे विसरता येत नाही. शिवाय महायुद्धात ज्यूंच्या मालमत्तेवरील नाझी निर्बंधांचा आधार घेऊन त्या ज्यू भागीदारांकडून कंपनी हिसकावण्याचा तिने केलेला प्रयत्न कोणत्याही तक्रारीने झाकत नाही. अखेर १९४७ मध्ये तिला जागतिक विक्रीवर २ टक्के देण्याचे ठरले.

बेळगावातील शहापूर-वडगावच्या विणकरांच्या वस्तीत ही वाटणी परकी वाटू नये. सावकाराचे सूत घेऊन मजुरीवर विणलेल्या साडीवरही विणकराचे नाव नसते.

नंतर नाव वापरण्याचा परवाना देऊन रॉयल्टी घेण्याची पद्धत रूढ झाली आणि बहुतेक डिझायनर कारखान्याच्या भानगडीतून सुटले. भारतात परफ्यूम सौंदर्यप्रसाधनांच्या कायद्याखाली येते आणि उत्पादकाचे नाव व पत्ता छापावा लागतो. डिझायनरचे नाव दर्शनी बाजूला ठळक असते, तर हा मजकूर बहुधा खोक्याच्या मागे बारीक अक्षरांत सापडतो.