बोलोन्या : वास्तुकलेचा इतिहास

उत्तर इटलीतील एमिलिया-रोमान्या प्रदेशाची राजधानी व यूरोपातील बहुधा सर्वांत जुन्या विद्यापीठाचे नगर. विद्यापीठाच्या स्थापनेचे १०८८ हे रूढ वर्ष एकोणिसाव्या शतकात कवी जोस्वे कार्दुच्ची याच्या समितीने ठरविले. त्याला सनदेचा आधार नाही. अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात अध्यापन हळूहळू सुरू झाले, असे मानणे अधिक सुरक्षित. १५६३ पर्यंत विद्यापीठाला स्वतःची मध्यवर्ती वास्तू नव्हती. अध्यापक स्वतःच्या घरी वा भाड्याच्या खोल्यांत शिकवीत. त्यामुळे या विद्यापीठाची आरंभीची वास्तुकला म्हणजे नगरातील घरेच होत.

या घरांचे वैशिष्ट्य म्हणजे पोर्तिको, अर्थात रस्त्यालगतची आच्छादित ओसरी. तिच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. रोमन स्तंभपंक्तींशी तिचे नाते जोडणारे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार विद्यार्थी व कारागीर यांच्या गर्दीमुळे जागा अपुरी पडली आणि वरचे मजले तुळयांवर रस्त्याकडे वाढविले गेले. तुळई थोडीच बाहेर आली, तर भिंतीतून दिलेला तिरका टेकू पुरे. ती अधिक पुढे काढली की भार पेलेनासा होऊन वाकते, मग जमिनीतून उभा खांब द्यावा लागतो. अशा खांबांची रांग म्हणजेच ओसरी. तेराव्या शतकातील कासा इझोलानी या घराचे सुमारे ९ मी. उंच ओकचे खांब पाहता हे मत अधिक पटते. लाकूड बुंध्याशी ओलाव्याने कुजते, म्हणून खांब दगडी बैठकीवर उभे करीत.

१२८८ च्या नगरनियमांनी पोर्तिको सक्तीची केली. किमान उंची ७ बोलोन्यी फूट, म्हणजे सुमारे २·६६ मी.; घोडेस्वार खालून जावा, हा हिशेब. जागा घरमालकाची, डागडुजी त्याचीच, वहिवाट मात्र सर्वांची. पुढे आगीच्या व कुजण्याच्या भयाने लाकडाऐवजी विटा आल्या. मैदानात चांगला दगड दुर्मिळ, माती मुबलक. त्यामुळे नक्षीसुद्धा भाजक्या मातीची. जवळच्या टेकड्यांतला वालुकाश्म मऊ असल्याने त्याचे पापुद्रे सुटतात.

मध्ययुगात नगरात उंच मनोरेही उभारले गेले. त्यांची संख्या एकोणिसाव्या शतकातील अभ्यासक गोत्सादीनी याने १८० मानली होती. अलीकडील अभ्यासक ८० ते १०० च्या आसपास धरतात व तेच ग्राह्य वाटते. मनोऱ्याचा पाया सेलेनाइट या जिप्सम खनिजाच्या (मऊ दगडाच्या) चिऱ्यांचा, वर विटांच्या दोन भिंती व मधल्या पोकळीत चुना-दगडांचा भराव. जिप्सम सहज घडविता येतो, पण पाण्यात अंशतः विरघळतो आणि तापल्यास स्फटिकजल (स्फटिकांत बांधलेले पाणी) गमावून ठिसूळ होतो. आसिनेल्ली (सु. ९७ मी.) अद्याप उभा आहे, कललेला गारिसेंदा चौदाव्या शतकात कापून सु. ४८ मी. केला गेला.

स्पॅनिश विद्यार्थ्यांचे महाविद्यालय कार्डिनल आल्बोर्नोथ याच्या मृत्युपत्रानुसार चौदाव्या शतकात बांधले गेले. आर्किजिन्नासियो (१५६२–६३, वास्तुकार आंतोनियो मोरांदी) ही विद्यापीठाची पहिली एकत्रित वास्तू. तिने सान पेत्रोनियो चर्चच्या विस्ताराची वाट अडविली, हे खरे. पोपने ते मुद्दाम केले, ही समजूत मात्र सिद्ध झालेली नाही. आतील लाकडी शरीरशास्त्र-सभागृह (१६३७) १९४४ च्या बाँबहल्ल्यात उद्‌ध्वस्त झाले व ढिगाऱ्यातून मिळालेले मूळ भाग वापरून पुन्हा उभारले गेले. १८०३ मध्ये विद्यापीठ पालात्सो पोज्जीत हलले. नगरातील पोर्तिकोंना २०२१ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.