मोटर आणि दारे: जठराच्या कर्करोगातील आयन पंप व आयन चॅनेल

जठराच्या कर्करोगाच्या फैलावात आयन चॅनेलचा, म्हणजे आयनांना (विद्युतभारित कणांना) पेशीपटलातून जाऊ देणाऱ्या वाटांचा, हात असतो असे वाचले, की ॲसिडिटीसाठी पॅन्टोप्राझोल घेणाऱ्याला आपली गोळी हेच चॅनेल बंद करत असावी असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात ती गोळी प्रोटॉन पंप बंद करते. पंप आणि चॅनेल ही दोन्ही पेशीपटलात बसलेली प्रथिने असली, तरी विहिरीवरची मोटर आणि पाटाचे दारे (पाटाचे पाणी सोडण्याची वाट) यांच्यात जेवढे अंतर, तेवढेच या दोहोंत आहे.

मोटर वीज खाऊन पाणी वर चढवते. त्याचप्रमाणे प्रोटॉन पंप एटीपी या पेशीतील इंधनाची ऊर्जा खर्चून पेशीतील प्रोटॉन (आम्लता आणणारे हायड्रोजनचे आयन) जठराच्या पोकळीत ढकलतो, जिथे त्यांचे प्रमाण पेशीच्या तुलनेत सुमारे 10 लाख पट असते. दारे फोडले की पाणी उताराने आपोआप धावते. चॅनेलही तसेच, ते उघडले की सेकंदाला लाखो, कधी कोट्यवधी आयन निघून जातात, तर पंपाची मजल सेकंदाला काही शेकड्यांपुढे सहसा जात नाही. एर्विन नेहेर आणि बर्ट साकमान या जर्मन शास्त्रज्ञांनी 1976 मध्ये एकाच चॅनेलमधून वाहणारा प्रवाह मोजून दाखवला, त्याचे 1991 चे नोबेल त्यांना मिळाले.

गोंधळ होतो, कारण जठरात दोघे एकमेकांच्या आधाराने चालतात. पंप एक प्रोटॉन बाहेर टाकताना पोटॅशियम आत घेतो, आणि ते पोटॅशियम पुन्हा पोकळीत सोडण्याचे काम केसीएनक्यू1 हे चॅनेल केसीएनई2 या जोडप्रथिनासह करते. हे जोडप्रथिन नसलेल्या उंदरांत आम्ल तर घटलेच, शिवाय जठराच्या अस्तराची बेसुमार वाढ झालेली आढळली.

फैलावासाठी मात्र पेशीला आधी जागा सोडावी लागते, आणि तिथे चॅनेलचे महत्त्व वाढते. सरकणाऱ्या पेशीच्या मागच्या टोकाशी कॅल्शियम आत शिरते, त्याने पोटॅशियमची व क्लोराइडची चॅनेल उघडतात, आयनांमागोमाग पाणी बाहेर पडते आणि ते टोक आकसून पुढे ओढले जाते. अरुंद फटीतून अंग चोरून निघावे, तसे. एएनओ1 हे क्लोराइड चॅनेल जठराच्या कर्कपेशींत वाढलेले दिसते, आणि प्रयोगशाळेत त्याचे उत्पादन रोखल्यावर या पेशींची हालचाल व घुसखोरी मंदावते. पंपही अगदी निर्दोष नाहीत: काही पंप पेशीबाहेरचा परिसर आम्लधर्मी करून भोवतालची वीण सैल करतात. पण ॲसिडिटीच्या गोळीने फैलाव थांबतो, असे सिद्ध झालेले नाही.

मग चॅनेलच का बंद करू नये? एचईआरजी हे पोटॅशियम चॅनेल या कर्कपेशींत सापडते, नव्या रक्तवाहिन्या फुटण्याशीही त्याचा संबंध दिसतो. पण तेच चॅनेल हृदयाचा ठोका आवरण्याचे काम करते. पोटाच्याच तक्रारींवर दिले जाणारे सिसाप्राइड हे औषध नेमके त्याला अडवत असे, आणि हृदयाची लय बिघडून मृत्यू झाल्यामुळे 2000 मध्ये अमेरिकेच्या बाजारातून ते मागे घ्यावे लागले.