दोघांची बाबागाडी हलकी कशी झाली, आणि त्यासाठी काय काय सोडावं लागलं

जुळ्यांसाठी किंवा पाठोपाठच्या भावंडांसाठी शेजारी-शेजारी बसायची हलकी बाबागाडी शोधायला लागलं, की एक आकडा पुन्हा पुन्हा समोर येतो. बहुतेक गाड्यांची रुंदी ७४ ते ७९ सेंटीमीटरच्या दरम्यान असते. हा आकडा दारांनी ठरवला आहे. अमेरिकेत अपंगांच्या हक्कांचा कायदा १९९० साली झाला आणि त्याखालच्या बांधकाम नियमांत दाराची मोकळी रुंदी किमान ३२ इंच, म्हणजे साधारण ८१ सेंटीमीटर धरली गेली. ती व्हीलचेअरची सोय होती. पण त्याच दारातून आपली गाडीही जायला हवी हे बाबागाडीवाल्यांना उमगलं आणि रुंदीवर एक अदृश्य छत बसलं. या छताखाली दोन मुलं बसवायची, वर गाडी हलकीही ठेवायची, तर कशाला ना कशाला कात्री लागणारच. ती कुठे लागली हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

सुरुवातीच्या बाबागाड्यांना वजनाची फिकीर नव्हती, कारण त्या पालकांनी ढकलायच्याच नव्हत्या. इंग्लंडमध्ये १७३३ साली विल्यम केंट या वास्तुरचनाकाराने डेव्हनशायरच्या ड्यूकच्या मुलांसाठी शिंपल्याच्या आकाराची गाडी बनवली. ती बकरीने किंवा लहान घोड्याने ओढायची होती. एकोणिसाव्या शतकात गाडीला मागून दांडा आला, माणूस ढकलू लागला, पण बांधणी घोडागाडीचीच राहिली: लाकडी खोका, लोखंडी पट्ट्यांचे स्प्रिंग, मोठी चाकं. बाल्टिमोरच्या विल्यम रिचर्डसन यांना १८ जून १८८९ रोजी मिळालेल्या पेटंटमध्ये बाळाचा पाळणा आई-बापाकडे किंवा रस्त्याकडे फिरवता येत होता आणि चाकं स्वतंत्रपणे वळत होती. वळायला कमी जागा लागणं ही खरी सुधारणा होती. आजही दुहेरी गाडी दुकानात जागच्या जागी गोल फिरते की नाही हीच पहिली चाचणी असते.

जुळ्यांचं उत्तर त्या काळात सोपं होतं. एकच लांब खोका, दोन्ही टोकांना एकेक टप, आणि मधे पाय करून समोरासमोर बसलेली दोन बाळं. रुंदी एकेरी गाडीएवढीच राहायची, मुलं एकमेकांकडे बघत राहायची. अडचण एवढीच की ही गाडी मिटत नसे. बंगल्याच्या पडवीत ती ठेवायला जागा असे. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला तिचा उपयोग नव्हता.

मिटणाऱ्या हलक्या गाडीचा जन्म १९६५ चा. ओवेन मॅक्लारेन हे निवृत्त वैमानिकी अभियंते. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या जोडणीवर त्यांनी काम केलं होतं. नातवंडाची अवजड गाडी सांभाळताना लेकीची होणारी तारांबळ पाहून त्यांनी ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा बनवला आणि त्या वर्षीच्या जुलैमध्ये पेटंटसाठी अर्ज केला. वजन होतं ६ पौंड, म्हणजे पावणेतीन किलोच्या आत. नॉर्थहॅम्प्टनशायरमधल्या बार्बी गावी १९६७ पासून उत्पादन सुरू झालं आणि १९७६ पर्यंत ते वर्षाला ६ लाख गाड्यांवर गेलं.

या सांगाड्याची युक्ती नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण दुहेरी गाडीच्या निम्म्या तक्रारी तिथूनच येतात. दोन्ही बाजूंच्या नळ्या कात्रीसारख्या एकमेकींना छेदतात, मागच्या बाजूलाही तशीच कात्री असते. त्यामुळे गाडी उंचीतही मिटते आणि रुंदीतही, आणि हातात छत्रीसारखा जुडगा उरतो. पण जी गाडी रुंदीत मिटते तिला सलग आडवा दांडा देता येत नाही. म्हणून तिला दोन वेगळ्या मुठी असतात, आणि म्हणून ती एका हाताने सरळ ढकलता येत नाही. एकेरी गाडीत हे खपून जातं. दुहेरीत, दुसरा हात पाण्याच्या बाटलीसाठी किंवा फोनसाठी रिकामा करायचा म्हटलं की गाडी कडेला वळते.

हाच सांगाडा दुप्पट केला तेव्हा वजन दुपटीपेक्षा जास्त वाढलं. मधल्या नळ्यांना दोन्ही मुलांचा भार घ्यावा लागतो, कात्रीचे सांधे वाढतात, आणि रुंद आडवा पसारा डगमगू नये म्हणून मागे जास्तीचा टेकू द्यावा लागतो. छत्रीसारख्या मिटणाऱ्या दुहेरी गाड्या आज साधारण ८ ते ११ किलोंच्या असतात. मागच्या बाजूला पायाने दाबायच्या दोन खिट्ट्या असतात. उघडताना एक पूर्ण बसते आणि दुसरी अर्धवट राहते, हा या गाड्यांचा नेहमीचा दोष. गाडी उघडल्यासारखी दिसते, पण मुलं बसल्यावर एक बाजू किंचित खाली जाते. दोन्ही खिट्ट्यांचा ‘खट्’ आवाज वेगवेगळा ऐकू आल्याशिवाय मूल आत ठेवू नये.

यावर स्वस्तातला उपाय म्हणून दोन एकेरी गाड्या प्लास्टिकच्या क्लिपांनी जोडायची पद्धत आली. ती कागदावरच बरी. एकेरी गाडी चाकांपाशी ४५ ते ४८ सेंटीमीटर रुंद असते. दोन जोडल्या की रुंदी ९० च्या पुढे जाते आणि कुठल्याही दारापाशी क्लिपा सोडाव्या लागतात. मधली पुढची चाकं वळताना एकमेकांना घासतात, ब्रेक दोन ठिकाणी लावावे लागतात. मुद्दाम दुहेरी बनवलेली गाडी ७६ मध्ये बसते, कारण तिथे मधला सांगाडा सामाईक असतो आणि प्रत्येक सीटची रुंदी कमी केलेली असते. थंडीच्या देशात जाड जाकीट घातलेलं तीन वर्षांचं मूल त्या सीटमध्ये दाटीनेच बसतं.

मागणीला खरा जोर आला तो १९८० नंतर. प्रयोगशाळेत गर्भधारणा करून जन्मलेलं पहिलं मूल इंग्लंडमध्ये जुलै १९७८ मध्ये आलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून अशी प्रसूती ऑगस्ट १९८६ मध्ये झाली. त्या काळात एका वेळी एकाहून जास्त भ्रूण गर्भाशयात सोडले जात, आणि आयांचं वयही वाढत चाललं होतं. दोन्ही कारणांनी जुळी वाढली. अमेरिकेत १९८० मध्ये दर हजार जन्मांमागे १८.९ जुळी होती, २०१४ मध्ये ती ३३.९ झाली. पुढे एकच भ्रूण सोडण्याकडे कल वळला आणि आकडा थोडा उतरला, पण तोवर दुहेरी गाडी ही नेहमीची वस्तू झाली होती.

त्याच दशकात उलट्या दिशेनेही एक ओढ होती. वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा गावच्या फिल बेक्लर यांनी १९८४ मध्ये सायकलीसारख्या मोठ्या हवेच्या चाकांची तीनचाकी धावगाडी बनवली. पुढे तिच्या दुहेरी आवृत्त्याही निघाल्या. खडबडीत रस्त्यावर मोठं चाक सुखाने जातं, हे तिने सगळ्यांना दाखवलं. मात्र वजन वाढलं आणि गाडी मिटूनही भलीमोठी राहिली. हलक्या गाडीने यातलं काहीच घेतलं नाही. तिची चाकं १२ ते १५ सेंटीमीटरची, घट्ट फोमची. पंक्चर होत नाहीत, पण दोन पेव्हर ब्लॉकमधल्या दीड-दोन सेंटीमीटरच्या चढालाही अडतात आणि पुढे झुकतात.

एकामागे एक बसायच्या गाडीचा वंश वेगळा. न्यूझीलंडच्या फिल अँड टेड्स या कंपनीने एकेरी गाडीच्या चाकांच्या पट्ट्यातच दुसरी सीट मागे-खाली बसवली, त्यामुळे रुंदी एकेरीएवढीच राहिली. ही मांडणी दीड-दोन वर्षांच्या अंतराच्या भावंडांना बरी जमते. त्रास होतो तो फुटपाथच्या कडेला. पुढची चाकं उचलायला मूठ खाली दाबावी लागते, आणि पुढच्या मुलाचं वजन मागच्या आसापासून जितकं लांब तितका जोर जास्त. पुढे १२ किलोचं मूल असेल तर हे मनगटाला चांगलंच जाणवतं. उलटही होतं: पुढचं मूल उतरलं, मागचं बसलेलं आणि मुठीला भाजीच्या पिशव्या, की गाडी सरळ मागे कलंडते. गाडी जितकी हलकी तितकी ती लवकर कलंडते, म्हणून पिशवी मुठीला न अडकवता खालच्या टोपलीत ठेवायची.

शेजारी-शेजारी मांडणीत हाच हिशेब आडवा होतो. एका बाजूला १४ किलोचा थोरला आणि दुसऱ्या बाजूला ६ किलोचं धाकटं असेल तर मोकळी वळणारी पुढची चाकं जड बाजूकडे ओढतात. लांब सरळ रस्त्यावर पुढची चाकं सरळ स्थितीत लॉक करावीत. उतार असलेल्या फुटपाथवर थोरल्याला चढाच्या बाजूला बसवलं तर ओढ कमी होते.

सुरक्षेचे नियम अपघातांच्या पावलावर पाऊल टाकत आले. नोव्हेंबर २००९ मध्ये अमेरिकेत मॅक्लारेन कंपनीच्या सुमारे १० लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. त्यात दुहेरी मॉडेलंही होती. गाडी उघडताना बाजूच्या बिजागरीत मुलांची बोटं सापडत होती, आणि बोटाचं टोक तुटल्याच्या १२ घटनांची नोंद झाली होती. उपाय म्हणून बिजागरीवर बसवायची कापडी आवरणं दिली गेली. जोखमीचा क्षण उघडण्याचा असतो, आणि दुहेरी गाडीत त्या क्षणी एक मूल कडेवर तर दुसरं हाताशी मोकळं असतं. जुनी गाडी कुणाकडून घेताना ही आवरणं जागेवर आहेत का ते आधी बघावं.

युरोपच्या ईएन १८८८ मानकात आता दोन भाग आहेत. एक १५ किलोपर्यंतच्या मुलांसाठी, दुसरा २२ किलोपर्यंत. दुहेरी गाडीवर लिहिलेला आकडा प्रत्येक सीटचा की दोघांचा मिळून, हे वाचून घ्यायला हवं. त्याच मानकात, जन्मापासून वापरायच्या सीटची पाठ आणि बैठक यांच्यातला कोन किमान १५० अंश असावा लागतो. हलक्या गाड्यांत बऱ्याचदा हीच गोष्ट कापलेली असते. पाठ थोडी कलते, आडवी होत नाही, आणि पुस्तिकेत बारीक अक्षरांत सहा महिन्यांनंतर असं लिहिलेलं असतं. जुळ्यांच्या आईबापांना गाडी पहिल्या महिन्यापासून हवी असते, त्यामुळे फसगत इथेच जास्त होते.

गाडी मिटण्याचा प्रश्न ब्रिटनमध्ये थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. लीड्सकडे जाणाऱ्या बसमध्ये २०१२ साली व्हीलचेअरवरच्या डग पॉली यांना जागा मिळाली नाही. त्या जागेवरच्या बाबागाडीत बाळ झोपलेलं होतं, आणि ती मिटत नाही असं आईचं म्हणणं होतं. जानेवारी २०१७ च्या निकालाने बसचालकाने नुसती विनंती करून थांबू नये, पुढेही आग्रह धरावा असं ठरवलं. बस वापरणाऱ्या दुहेरी गाडीवाल्यांनी तेव्हापासून ‘मिटते का’ एवढ्यावर न थांबता ‘दोन मुलं हाताशी असताना मिटते का’ असं विचारायला हवं. २०१२ मध्येच फ्रान्सच्या बेबीझेन कंपनीची योयो ही एकेरी गाडी आली, जी मिटून ५२ × ४४ × १८ सेंटीमीटर होते आणि बऱ्याच विमानांत डोक्यावरच्या कप्प्यात मावते. तिने हलकेपणाची अपेक्षाच बदलली. शेजारी-शेजारी दोन सीटची गाडी या मापात येत नाही. विक्रेता ‘केबिन साइज’ म्हणाला तर टेप काढावी. आणि १ मे २०१९ पासून अमेरिकेतल्या डिस्नीच्या उद्यानांत ३१ इंचांपेक्षा रुंद किंवा ५२ इंचांपेक्षा लांब गाड्यांना बंदी झाली, तेव्हापासून ७९ सेंटीमीटर हा आकडा जाहिरातीतच झळकू लागला.

अमेरिकी दाराला बेतलेली ही गाडी मुंबई-पुण्याच्या इमारतीत येते तेव्हा हिशेब बदलतो. भारतीय मानकांच्या मापांत ६ जणांच्या लिफ्टचं दार ७० सेंटीमीटरचं असतं, ८ जणांच्या लिफ्टचं ८०. म्हणजे ७६ ची गाडी पहिल्या लिफ्टमध्ये जातच नाही आणि दुसऱ्या लिफ्टमध्ये दोन्हीकडे जेमतेम दोन सेंटीमीटर ठेवून जाते. मग एकामागे एक गाडी घ्यावी, तर या लिफ्टची आतली खोली १०० ते ११० सेंटीमीटर असते आणि ती गाडी मुठीसकट त्याहून लांब भरते. त्यामुळे आधी लिफ्टचं दार आणि खोली मोजायची, मग घराचं सगळ्यात अरुंद दार, मग मोटारीची डिकी. सलग दांड्याची, मधोमध दुमडणारी दुहेरी गाडी मिटल्यावरही ७५ सेंटीमीटरच्या आसपास रुंद राहते. छत्रीसारखी मिटणारी अरुंद होते, पण १०० ते ११० सेंटीमीटर लांबीचा जाड जुडगा उरतो. डिकीत सीएनजीची टाकी असेल तर दोन्हींपैकी एकही बसत नाही, बाबागाडी मोटारीच्या मागच्या सीटवर ठेवावी लागते आणि मुलांना जागा उरत नाही.

थोरलं मूल तीन वर्षांच्या आसपास असेल तर दुहेरी गाडीऐवजी एकेरीच्या मागे चाकांची उभी राहायची फळी जोडता येते. साधारण २० किलोपर्यंतचं मूल तिच्यावर उभं राहू शकतं आणि रुंदी वाढत नाही. फळी घेण्याआधी ती कुठल्या नळीला पकडते ते पाहावं. छत्रीसारख्या मिटणाऱ्या गाडीत ती बहुधा मागच्या कात्रीच्या नळ्यांनाच धरते, आणि मग दर वेळी मिटताना आधी फळी काढावी लागते. ब्रेकची पट्टी फळीखाली झाकली जात असेल तर ती फळी त्या गाडीला चालणार नाही.