मुलं बिघडू नयेत, इथून सुरू झालेली गोष्ट

युवा विकासाच्या कुठल्याही कार्यक्रमाचा अहवाल उघडा, ‘सर्वांगीण विकास’ आणि ‘मानसिक स्वास्थ्य’ पहिल्याच पानावर भेटतात. या कामाची सुरुवात मात्र धास्तीतून झाली. १८४४ मध्ये लंडनच्या एका कापडदुकानात नोकरी करणाऱ्या जॉर्ज विल्यम्स या तरुणाने सोबत्यांसह वायएमसीए (यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन) ही तरुणांची संस्था काढली. शहरात एकटे राहणारे कामगार तरुण दारूगुत्त्यांच्या नादी लागू नयेत, ही त्यामागची काळजी. पुढे १९०७ मध्ये ब्रिटिश लष्करी अधिकारी बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचं शिबिर घेतलं आणि त्यातून स्काउट चळवळ उभी राहिली. रूप वेगळं, पण वळण लावण्याचा हेतू तोच. त्याच सुमारास मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली हॉल किशोरवय म्हणजे वादळाचा काळ, असं मांडत होते. रिकामं मन सैतानाचं घर, ही समजूत त्याने आणखी घट्ट झाली.

मुलांना कशात तरी गुंतवलं की ती बिघडत नाहीत, या समजुतीला सगळ्यात जोराचा धक्का बसला तो अमेरिकेतल्या केंब्रिज-सॉमरव्हिल प्रयोगाने. १९३९ मध्ये ५०६ मुलगे निवडून त्यांच्या जोड्या लावल्या गेल्या. प्रत्येक जोडीतल्या एकाला मदत, दुसऱ्याला काहीच नाही. मदत म्हणजे समुपदेशकाच्या नियमित घरभेटी, अभ्यासाची शिकवणी, दवापाणी, उन्हाळी शिबिरं. सरासरी पाच वर्षं. हे वाचून कोणीही म्हणेल, यात वाईट काय? संशोधक जोन मॅकॉर्ड यांनी तीस वर्षांनी त्या मुलांचा माग काढला. मोठी झालेली ती माणसं बहुतांशी कार्यक्रमाबद्दल चांगलंच बोलत होती. पण १९७८ मध्ये निष्कर्ष आले ते उलटे: मद्यपान, गंभीर मानसिक आजार, अकाली मृत्यू अशा काही बाबतींत मदत मिळालेल्या गटाचीच अवस्था जास्त वाईट होती. पुढच्या विश्लेषणात बोट शिबिरांकडे गेलं. एकापेक्षा जास्त वेळा शिबिराला गेलेल्यांच्या वाट्याला अधिक नुकसान आलं होतं. एकमेकांना चढवणारी पोरं एकत्र आणली की काय होतं, हे घरातल्या आजीलाही ठाऊक असतं. योजना आखणाऱ्यांच्या लक्षात यायला मात्र काही दशकं गेली.

दुसरीकडे हवाई बेटांपैकी कौआईवर मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा पाठपुरावा करत होत्या. गरिबी, घरातली भांडणं, आजारपण यांत सापडलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं धडपणे मोठी झाली. त्यांच्यामागे बहुधा निदान एक तरी भरवशाचं मोठं माणूस होतं: आजी, शेजारी किंवा शिक्षक. मूल कशाने बिघडतं यापेक्षा ते कशाने तगतं, हा प्रश्न मला तरी जास्त उपयोगाचा वाटतो.

१९९० च्या दशकात हाच प्रश्न पुढे आला. फक्त भानगडीत न पडणं म्हणजे आयुष्यासाठी तयार होणं नव्हे, असं युवा विकासाच्या क्षेत्रातल्या कॅरन पिटमन यांनी मांडलं. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लर्नर यांनी क्षमता, आत्मविश्वास, नाती, चारित्र्य आणि आस्था या पाच गोष्टींची चौकट दिली. निर्णयांत मुलांनाही वाटा हवा, हा आग्रहही याच काळात बळावला.

मात्र भरवशाचं माणूस आणायचं म्हणजे ते टिकायला हवं. काही कार्यक्रमांत मुलाची एका मोठ्या माणसाशी, म्हणजे मार्गदर्शकाशी, जोडी लावतात; २००२ मध्ये अशा जोड्यांवरचा एक अभ्यास आला. वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकलेल्या जोड्यांतल्या मुलांना सर्वाधिक फायदा झाला होता. पहिल्या काही महिन्यांतच तुटलेल्या जोड्यांतल्या मुलांच्या मनात स्वतःविषयीची किंमत उलट घसरली होती. तरीही मार्गदर्शक किती नोंदवले, हा आकडा अहवालात ठळक असतो आणि किती टिकले, हे शोधावं लागतं.