लाकडात मुरलेला धूर

नागपूर १८६१ पासून मध्य प्रांताची आणि पुढे १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. वकील, रेल्वेचे अधिकारी, कॉलेजातले प्राध्यापक यांची इथे मोठी वस्ती, आणि त्यांच्यातल्या काहींच्या टेबलावर तंबाखू ओढायचा पाइप असायचा. सदर, सिव्हिल लाइन्स, धरमपेठ भागातल्या जुन्या घरांत कपाटं आवरताना असा एखादा पाइप अजूनही हाती लागतो. तो वर्षानुवर्षं कुणी ओढलेला नसतो, पुसला की स्वच्छही दिसतो. पण जरा तापला की आतून जुना वास उठतो: कधी आंबट-कडवट, कधी लवंगेसारखा, कधी थेट अत्तरासारखा. नवा तंबाखू भरला तरी जिभेला आधी जुनीच चव लागते. हा वास घालवायचा, तर आधी तो लाकडात शिरला कसा ते समजून घ्यायला हवं. तो आला त्याच वाटेने त्याला बाहेर काढावा लागतो.

बहुतेक चांगले पाइप ब्रायरचे असतात. भूमध्य समुद्राभोवती, म्हणजे कॉर्सिका, इटली, ग्रीस, अल्जेरिया इथे वाढणाऱ्या ‘एरिका आर्बोरिया’ या झुडपाच्या बुंध्याशी जमिनीत एक कठीण गाठ तयार होते. पाइप त्या गाठीतून कोरतात. हे लाकूड घट्ट असतं आणि सहजासहजी पेटत नाही. कोरण्याआधी ते तासन्‌तास उकळतात आणि महिनोन्‌महिने सुकवतात, म्हणजे त्यातला चीक आणि टॅनिन निघून जातं. नेमकी तीच जागा मोकळी होते आणि पाइप वापरात आला की तिथे धूर भरू लागतो.

पाइपमध्ये तंबाखू पेटलेला असतो तेव्हा अंगाराचं तापमान काही शे अंशांवर असतं, आणि बाहेरून तोच पाइप आपण आरामात हातात धरतो. मधे लाकूड असतं जेमतेम काही मिलिमीटर. एवढ्याशा अंतरात तापमान झपाट्याने उतरतं, त्यामुळे आतल्या बाजूने शिरलेली वाफ भिंतीतच कुठेतरी थंड होऊन थिजते. पुढच्या वेळी पाइप तापला की तीच पुन्हा मोकळी होते. लोणच्याच्या बरणीचं प्लास्टिकचं झाकण कितीही घासलं तरी वास सोडत नाही, त्याचं कारण हेच: वास पृष्ठभागावर नसतो, पदार्थाच्या आत असतो.

आता हे थिजलेले रेणू कोणते ते पाहा. निकोटिन २४७ अंश सेल्सिअसला उकळतं. सायप्रस-सीरियाकडचा लटाकिया तंबाखू लाकडाच्या धुरावर धुरावतात. त्याच्या करपट वासामागे ग्वायकॉलसारखी फिनॉल जातीची रसायनं असतात. ग्वायकॉलचा उत्कलनबिंदू २०५ अंश. लवंगेतलं युजेनॉल २५४ अंश. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या सुगंधी तंबाखूंत टोंका नावाच्या बीचा वास असतो, त्याच्या मुळाशी असलेलं कुमारिन सुमारे ३०० अंशांना उकळतं. (बाजारात दालचिनी म्हणून मिळणाऱ्या कॅसियाच्या सालीतही कुमारिन असतं.) म्हणजे यातला एकही पदार्थ उघड्या खिडकीत ठेवून उडून जाणारा नाही. आणि आपलं नाक यातल्या काहींच्या बाबतीत इतकं तीक्ष्ण आहे की अगदी सूक्ष्म अंश उरला तरी चव बिघडते. सुगंधी तंबाखू ओढून जुना वास दाबण्याचा उपाय मला म्हणूनच पटत नाही. त्याने लाकडात आणखी एका वासाची भर पडते.

सफाईची सुरुवात बहुतेक जण तंबाखू भरायच्या वाटीपासून करतात. खरी घाण असते वाटीला जोडलेल्या दांडीच्या अरुंद भोकात. धुरातलं पाणी तिथे आल्यावर थंड होतं आणि डांबर, निकोटिन, राख यांचा चिकट लगदा साचतो. पाइप पूर्ण थंड असताना तोंडाकडची नळी हलक्या हाताने फिरवून काढावी. गरम असताना फिरवली तर सांधा तडकतो. मग अल्कोहोलमध्ये बुडवलेले पाइप क्लीनर, म्हणजे धाग्याची लव असलेल्या बारीक तारा, एकामागून एक दांडीत फिरवावेत, ते पांढरे बाहेर येईपर्यंत. त्यानंतर वाटीच्या आतला कोळशाचा थर. एरवी मिलिमीटरभर थर ठेवलेला बरा, त्याने लाकूड जळत नाही. पण वास काढायचाच असेल तर तो थर पूर्ण उतरवावा लागतो, कारण कोळसा सच्छिद्र असतो आणि सगळ्यात जास्त वास त्यानेच धरून ठेवलेला असतो. यासाठी चाकू नको, बोटाला गुंडाळलेला सँडपेपर पुरतो.

यानंतरची जुनी रीत म्हणजे वाटीत जाडं मीठ भरायचं, त्यावर कडक अल्कोहोल घालायचं आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी मीठ तपकिरी झालेलं दिसतं. हे काम करतं ते अल्कोहोल. तेलकट रेणू त्यात विरघळतात. वरच्या बाजूने अल्कोहोल उडत जातं तसं केशाकर्षणाने, म्हणजे दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं, लाकडातलं मिठात चढतं आणि मळ मिठात सोडून हवेत जातं. पाणी तेलकट अंश नीट सोडवत नाही, पण तंबाखूला लावलेली साखर आणि पाक सोडवतं, म्हणून थोडं पाणी असलेलं अल्कोहोल जास्त उपयोगी पडतं.

पण मिठाला माझा विरोध आहे, आणि नागपुरात तर नक्कीच. मीठ शुद्ध अल्कोहोलमध्ये जवळजवळ विरघळत नाही. आपल्याकडच्या दुकानात मिळणारी व्होडका ४२.८ टक्क्यांची, म्हणजे अर्ध्याहून जास्त पाणी. त्या पाण्यात मीठ विरघळतं, लाकडाच्या छिद्रांत शिरतं आणि सुकताना तिथेच त्याचे स्फटिक होतात. स्फटिक वाढले की छिद्रांच्या भिंतींवर दाब येतो. समुद्राकाठच्या दगडी भिंती झिजतात त्यामागेही हीच क्रिया असते. त्यात हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून पाझरू लागतं. आपल्या श्रावणात तेवढी आर्द्रता रोजची. म्हणजे मे महिन्यात स्वच्छ केलेला पाइप ऑगस्टमध्ये आतून ओला. मिठाऐवजी साधा कापूस भरावा. केशाकर्षण तोही तितकंच करतो आणि मागे काही सोडत नाही.

अल्कोहोल कोणतं, यालाही महत्त्व आहे. रंगाच्या दुकानातल्या स्पिरिटमध्ये विषारी मिथेनॉल असू शकतं, आणि ही तोंडात धरायची वस्तू आहे. हँड सॅनिटायझरही चालणार नाही, त्यातलं ग्लिसरीन उडून जात नाही. काम गॅसपासून दूर, खिडकी उघडी ठेवून करावं. अल्कोहोल बाहेरच्या बाजूला सांडू देऊ नये. पाइपवर अनेकदा लाखेची झिलई असते. पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवर मिळते तीच ही लाख, आणि ती अल्कोहोलमध्ये लगेच विरघळते. कापसातून निघालेल्या तपकिरी द्रवात निकोटिन असतं आणि ते कातडीतून शरीरात जातं. हातमोजे घालावेत, कापूस मुलांच्या हाती लागणार नाही असा टाकावा.

इतकं करूनही कुमारिन किंवा लटाकियाचा वास उरतोच. तिथे सक्रिय कोळसा कामाला येतो. पाण्याच्या फिल्टरमध्ये असतो तोच, बहुधा नारळाच्या करवंटीचा. त्याच्या एका ग्रॅममधल्या छिद्रांच्या आतल्या भिंती उलगडल्या तर हजार चौरस मीटरच्या आसपास क्षेत्र भरतं. रेणू त्या भिंतींना चिकटून बसतात. याला अधिशोषण म्हणतात. पाणी आणि हवा शुद्ध करण्याच्या शास्त्रात ही मूलभूत गोष्ट आहे. १९५८ साली नागपुरात सुरू झालेल्या आणि १९७४ पासून ‘नीरी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आपल्या पर्यावरण संशोधन संस्थेचा तो रोजचा विषय.

नळी बाजूला काढून वाटीत कोळशाचे दाणे भरायचे आणि पाइप ओव्हनमध्ये ८०-९० अंशांवर काही तास ठेवायचा. अल्कोहोल पूर्ण उडून गेल्यावरच, नाहीतर ओव्हनमध्ये भडका उडेल. उष्णतेने लाकडातले रेणू सुटे होतात आणि वाटीत आले की कोळसा त्यांना पकडतो. कोळसा थंड असताना जास्त रेणू धरतो, म्हणून गार होईपर्यंत तो वाटीतच राहू द्यावा. इथे घाई उपयोगाची नाही. रेणूंना लाकडातून झिरपत यायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: एक मिलिमीटर खोलीवरून यायला एक तास लागत असेल, तर पाच मिलिमीटरवरून पंचवीस. पहिल्या खेपेला वास गेला असं वाटतं आणि आठवड्याने परत येतो, तो या खोलवरून निघालेल्या रेणूंमुळे. कोळसा बदलून पुन्हा तापवावा.

नागपूरचं ऊन या कामी चांगलं साथ देतं. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. अशा दिवसांत गच्चीवर ठेवलेल्या बंद पत्र्याच्या डब्यात ६० अंश सहज होतात. कोळसा भरलेला पाइप त्यात आठ-दहा दुपारी ठेवला की ओव्हनची गरज कमी होते, आणि हळू तापल्याने लाकूड तडकण्याची भीतीही कमी.

नळी मात्र उन्हात कधीच नको. जुन्या पाइपची नळी एबोनाइटची असते. शाळेच्या प्रयोगशाळेत लोकरीवर घासून कागदाचे कपटे उचलायला वापरतात तेच काळं, कडक रबर. त्यात तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत गंधक असतं. ऊन आणि दमट हवा लागली की पृष्ठभागावरच्या गंधकाचं ऑक्सिडीकरण होऊन थोडंसं गंधकाम्ल तयार होतं, नळी हिरवट-तपकिरी पडते आणि ओठांना कडू लागते. पुष्कळदा वाटीवर आळ येतो ती चव इथली असते. पाण्याखाली अगदी बारीक पॉलिश पेपरने तो थर घासून काढावा आणि नळी अंधाऱ्या जागी ठेवावी.

चव गेली म्हणून विष गेलं असं मात्र कुणी समजू नये. कर्करोग घडवणारी रसायनं पुढच्या प्रत्येक भरणीत नव्याने तयार होतात, आणि खर्ऱ्याने, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाने, तोंडं बंद होत चाललेल्या आपल्या विदर्भात तंबाखूचं दुसरं रूप जोपासावं असं मला वाटत नाही. आजोबांची वस्तू म्हणून पाइप जपायचा असेल तरी ही सगळी सफाई लागतेच, कारण तो चिकट थर ओलावा धरतो आणि पावसाळ्यात त्यावर बुरशी येते.

वास खरोखर गेला का, हे पाइप नुसता हुंगून कळत नाही. काचेच्या कोरड्या बरणीत तो ठेवून झाकण घट्ट लावावं, बरणी तासभर उबेला ठेवावी आणि झाकण उघडताच वास घ्यावा. बंद जागेत सुटे रेणू साठतात, त्यामुळे फार कमी अंशही कळतो. बरणी हुंगायला घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्यावी, शक्यतो तंबाखू न ओढणाऱ्या माणसाकडे. दिवसभर त्या वासात काम केलेल्या नाकाला तो जाणवेनासा होतो.