फुटली, फोडली की नुसती दिसली?

वडोदऱ्यात 'फुटणे' हा शब्द आता साधा राहिलेला नाही. 29 जानेवारी 2023 रोजी ज्युनिअर क्लार्कची परीक्षा त्याच दिवशी सकाळी रद्द झाली. 9 लाखांहून अधिक उमेदवारांपैकी कित्येक जण तोपर्यंत रात्रभर एसटीत बसून परीक्षेच्या गावी पोहोचले होते. फुटलेल्या पेपरचे धागेदोरे आपल्याच शहरात सापडले. महिनाभरात राज्याने कायदा केला: 10 वर्षांपर्यंत कैद, 1 कोटी रुपयांपर्यंत दंड. त्यामुळे एखाद्या मनोरंजन उद्यानाची जाहीर न झालेली राइड चाहत्यांनी आधीच उजेडात आणली आणि कुणी म्हटलं की "राइड फुटली", तर त्या एका शब्दासोबत पेपरफुटीचं सगळं पापही त्या चाहत्यांच्या माथी येतं. मुळात घडलेलं काय, हे बघायला कुणी थांबत नाही.

ही टिपणी लिहायला बसलो त्याला कारण आहे. माझा भाचा मकरपुरा जीआयडीसीत एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात फिटर आहे. मागच्या वर्षी त्याच्या शेडमध्ये खांबांचं काम आलं. दोन माणसांच्या कवेत मावणार नाही असा पाइप, दोन्ही टोकांना जाड फ्लँज, म्हणजे जोडायच्या चकत्या, फ्लँजवर गोलाकार बोल्टची छिद्रं, आणि वरचं टोक सरळ न कापता तिरकं कापलेलं. बाजूला पिवळ्या रंगात स्टेन्सिलने आकडा. साध्या शेडचे खांब असे नसतात. त्याने फोटो काढून आमच्या ग्रुपवर टाकला: "मामा, हे बघ. रोलर कोस्टरचा सपोर्ट असणार." ग्रुप म्हणजे दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातली आम्ही अकरा माणसं. खोपोलीजवळच्या इमॅजिकात जाऊन रांगेत उभं राहण्यापेक्षा रुळांखाली उभं राहून वर बघण्यात आम्हाला जास्त आनंद. अकरातल्या एकाने तो फोटो पुढे पाठवला आणि चौथ्या दिवशी सुपरवायझरने भाच्याला बोलावलं. पंधरा दिवस तो बिनपगारी घरी बसला. फोटो पुढे पाठवणाऱ्याला काहीच झालं नाही. ज्यांनी तो उद्यानाच्या नावानिशी छापला, त्यांना तर मुळीच नाही.

न जाहीर झालेली राइड आधीच उघड करावी का, या वादाचा उगम बहुतेक जण इंटरनेटपाशी शोधतात. तो जुना आहे. 1964 आणि 1965 मध्ये फ्लोरिडातल्या ऑर्लँडोजवळ कुणीतरी दलदलीची जमीन गुपचूप विकत घेत होतं. व्यवहार वेगवेगळ्या बनावट कंपन्यांच्या नावांनी चालले होते. सुमारे 27,000 एकर जमीन सुमारे 50 लाख डॉलरांत, म्हणजे एकराला 200 डॉलरांपेक्षाही कमी भावाने गेली. स्थानिक दैनिकाची एक पत्रकार कॅलिफोर्नियात डिस्नेलँडच्या दहाव्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमाला गेली होती. तिने मालक वॉल्ट डिस्ने यांनाच विचारलं की ती जमीन तुम्ही घेताय का. त्यांनी नाही म्हटलं, पण ते नाकारताना मध्य फ्लोरिडाच्या हवामानाची आणि पर्यटकांची इतकी बारीक माहिती दिली की तिची खात्रीच पटली. ऑक्टोबर 1965 मध्ये बातमी छापून आली आणि उरलेल्या जमिनीचे भाव कडाडले. अधिकृत घोषणा नोव्हेंबरात झाली. आज तिने काही फोडलं असं कुणी म्हणत नाही. ती चांगली पत्रकारिता मानली जाते, आणि मलाही तेच पटतं. ज्या शेतकऱ्यांनी आधीच जमीन विकून टाकली होती त्यांना ही बातमी वर्षभर आधी कळली असती तर काय झालं असतं, हा प्रश्न मात्र तेव्हा फारसा कुणी विचारला नाही.

पुढची तीस वर्षं भराभर सांगता येतील. 1978 मध्ये अमेरिकेत कोस्टरप्रेमींची संघटना उभी राहिली. नव्वदच्या दशकात ही मंडळी संगणकावर एकमेकांना भेटू लागली. 1996 मध्ये जगभरच्या कोस्टरची उंची, वेग, निर्माता यांची नोंदवही ऑनलाइन सुरू झाली आणि त्याच सुमारास फक्त अफवांना वाहिलेली संकेतस्थळंही आली. एका संकेतस्थळाने वाचकांकडून राइडवरच्या अपघातांच्या नोंदी जमा करायला घेतल्या, त्याला 2001 मध्ये पत्रकारितेचा पुरस्कारही मिळाला. याकडे नंतर परत येतो.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो इंग्लंडचा काळ. स्टॅफर्डशायरमधल्या ऑल्टन टॉवर्स या उद्यानाला झाडांच्या शेंड्यांपेक्षा उंच काही बांधता येत नाही. आजूबाजूला गावं आहेत, आवाजावरून शेजारी कोर्टातही गेले होते. म्हणून तिथले कोस्टर जमीन खोदून दरीत उतरवावे लागतात. 1994 चा नेमेसिस तसाच आहे. प्रत्येक मोठ्या राइडला बांधकाम परवानगीसाठी स्थानिक परिषदेकडे अर्ज करावा लागतो. तो अर्ज नकाशे, उंची, आवाजाचा अंदाज यांच्यासकट कुणालाही बघता येतो. उद्यानाने यावर मार्ग काढला तो सांकेतिक नावांचा. 'सीक्रेट वेपन', म्हणजे गुप्त अस्त्र, आणि पुढे क्रमांक. 1998 चा ऑब्लिव्हियन चौथा, 2010 चा थर्टीन सहावा, 2013 चा स्मायलर सातवा. नकाशा लोकांसमोर आणि नाव गुपितात. चाहते त्या नकाशावरून रुळांच्या वळणांचा अंदाज बांधत, त्याची चित्रं काढत, आणि उद्यानाला ते हवंच असे. गुपिताभोवती उत्सुकता पिकवायची आणि ती कुणी थोडी चाखली की चोरी झाली म्हणायचं, या दोन्ही गोष्टी एकाच जागेवरून होत आल्या आहेत.

अमेरिकेत तेच काम लोखंड करतं. एका प्रसिद्ध स्विस निर्मात्याच्या उत्तर अमेरिकेतल्या कोस्टरचे रूळ ओहायो राज्यातल्या बटाविया गावी बनतात. कारखान्याच्या आवारात रंगवलेले रूळ उघड्यावर ठेवलेले असतात. रस्त्यावरून जाणारा चाहता कुंपणाबाहेरून फोटो काढतो. निळा रूळ, पांढरे खांब, आणि रात्रीपर्यंत ते कुठल्या उद्यानाचे यावर शंभर तर्क. हे वाचलं की मला मकरपुऱ्याची शेड आठवते. फरक एका भिंतीचा. ओहायोत फोटो काढणारा रस्त्यावर उभा होता, माझा भाचा भिंतीच्या आत, पगारावर.

इथे शब्दाचा गुंता सोडवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. इंग्रजीतला 'लीक' आपण उचलला आणि त्याच्या पोटात चार वेगळ्या गोष्टी कोंबल्या. मराठीत त्या वेगळ्या सांगायची सोय आहे. बातमी 'फुटते' तेव्हा कर्ता नसतो, मडकं फुटावं तशी ती फुटते. बातमी कुणी 'फोडतो' तेव्हा करणारा असतो आणि त्याने कुणाचा तरी विश्वास मोडलेला असतो. बातमी 'काढली' म्हणजे कष्टाने, कागद चाळून काढली. आणि काही वेळा ती नुसती 'दिसते', जाता जाता, कुंपणापलीकडे. परिषदेच्या दप्तरातला नकाशा वाचणारा बातमी काढतो. बटावियाचा रस्त्यावरचा माणूस बघतो. कारखान्यातला माणूस कराराखाली असलेलं चित्र बाहेर देतो तो फोडतो. आणि रात्री कुंपणावरून उडी मारून किंवा ड्रोन उडवून बांधकामावर घिरट्या घालतो त्याच्यासाठी साधा शब्द घुसखोरी आहे. तिथे बातमीचा प्रश्न नंतर येतो. क्रेन आणि कामगारांच्या डोक्यावर दोन किलोचं यंत्र फिरवणं ही आधी सुरक्षेची बाब आहे.

पेपरफुटीशी तुलना इथेच मोडते. पेपर फुटला की प्रामाणिकपणे अभ्यास केलेल्या मुलाचं नुकसान होतं, आणि ते भरून येत नाही. नव्या राइडची उंची चार महिने आधी कळल्याने रांगेतल्या कुणाचा नंबर मागे जात नाही. उद्यानाचं मात्र काही जातं, हे मान्य करायला हवं. पुढच्या वर्षी मोठी राइड येतेय कळलं की लोक यंदाची सहल पुढे ढकलतात. प्रतिस्पर्धी सावध होतो. आराखडा अजून कल्पनेच्याच पातळीवर असतो, तो पैशाअभावी बारगळतो, आणि लोक 'दिलेलं वचन मोडलं' म्हणून उद्यानाला धारेवर धरतात, जे वचन त्याने कधी दिलंच नव्हतं. ज्या माणसांनी तीन वर्षं खपून पहिल्या अंधाऱ्या वळणावरचं आश्चर्य घडवलं, त्यांचा तो क्षणही कुणी आधीच खर्चून टाकतो. हे शेवटचं नुकसान मला सगळ्यात खरं वाटतं. म्हणून राइडच्या आतल्या कथेचं, छुप्या दृश्याचं चित्र हाती आलं तरी छापू नये, असं माझं मत आहे. उंची, जागा, निर्माता यांची गोष्ट वेगळी.

कायद्याचं म्हणाल तर चाहते 2006 चा कॅलिफोर्नियातला एक निकाल पुढे करतात. एका संगणक कंपनीने तिचं न जाहीर झालेलं उपकरण छापणाऱ्या संकेतस्थळांकडून आतली बातमी देणाऱ्याचं नाव मागितलं होतं. अपील न्यायालयाने ते नाकारलं आणि ऑनलाइन बातमीदारालाही पत्रकाराचं संरक्षण दिलं. त्या निकालाचा अर्थ पुष्कळदा ताणला जातो. त्याने संकेतस्थळाला झाकलं, कारखान्यातल्या फिटरला नाही. सापडला तर त्याची नोकरी त्याचीच. भारतात व्यापारी गुपितांचा स्वतंत्र कायदाच नाही. विधी आयोगाने 2024 च्या 289 व्या अहवालात तो सुचवला, पण तोवर सगळा भार करारावर, म्हणजे पुन्हा सही करणाऱ्या माणसावर. पेटंटचा अर्ज तर सर्वसाधारणपणे 18 महिन्यांनी सरकारच प्रसिद्ध करतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये जाहीर होऊन 22 मे 2025 रोजी उघडलेल्या ऑर्लँडोच्या एपिक युनिव्हर्स या उद्यानाचे कितीतरी तपशील चाहत्यांनी अशाच परवान्यांतून, ट्रेडमार्कच्या अर्जांतून आणि हवाई फोटोंतून जोडले. ते सगळं काढलेलं होतं. कुणाची नोकरी गेल्याशिवाय काढलेलं.

आता आपल्या गावाकडे. राइडचं वेड आपल्याला नवं नाही. लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात राजघराण्यातल्या मुलांना शाळेत नेणारी छोटी रेल्वे होती. ती शाळा म्हणजे आजचं महाराजा फत्तेसिंह संग्रहालय. 1879 च्या कमाटी बागेतली झुकझुक गाडी आपल्या तीन पिढ्यांनी अनुभवली. नवलखी मैदानावरच्या आनंदमेळ्यात मात्र गुपित असं काही नसतं. ट्रकमधून पाळण्याचे हात उतरतात, पोरं भोवती गोळा होतात, लाकडी ठोकळ्यांवर पाळण्याचे पाय टेकवले जातात, आणि संध्याकाळी तो फिरू लागतो.

इथे आपल्यापासून लपून राहतं ते दुसरंच. 14 जुलै 2019 रोजी अहमदाबादच्या कांकरियात झुलणारी राइड मोडून 2 जण गेले. 18 जानेवारी 2024 रोजी आपल्या हरणी तलावात नाव उलटून 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका बुडाल्या. नावेत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि बहुतेक मुलांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. 25 मे 2024 ला राजकोटच्या गेम झोनमध्ये 27 माणसं जळाली, तिथे अग्निशमनाचा ना-हरकत दाखलाच नव्हता. यांतली कोणती गोष्ट गुपित होती? करार, क्षमता, दाखला, सगळं कुठल्या तरी फायलीत होतं. राजकोटनंतर राज्याने राइडसाठी नियम कडक केले: पाया, माती परीक्षण, जोडांची तपासणी. तेव्हा जन्माष्टमीच्या लोकमेळ्यात राइडचालकांनी ते परवडत नाहीत म्हणून विरोध केला. ज्या नजरेने चाहता फ्लँजवरची छिद्रं मोजून राइड ओळखतो, तीच नजर जोडावरचा गंज आणि ठोकळ्यावर तिरका टेकलेला पायही ओळखते. अपघातांच्या नोंदी ठेवणाऱ्या त्या संकेतस्थळाने पंचवीस वर्षांपूर्वी हेच केलं होतं.

म्हणून आमच्या ग्रुपने दोन नियम ठरवले. कारखान्याच्या आतून आलेलं काहीही पुढे जाणार नाही, मग ते कितीही भारी असो. आणि मेळा लागला की आपण कागद मागायचे. दिवाळीनंतरच्या मेळ्यात भाच्याने तिकीट खिडकीवर मोठ्या पाळण्याच्या जोडांचा तपासणी अहवाल मागितला. "ऑफिसमध्ये आहे," असं उत्तर आलं. आम्ही माहिती अधिकारात अर्ज केला. 30 दिवस संपायच्या आत संबंधित कार्यालयाचं पत्र आलं: कलम 8(1)(ड), त्रयस्थ पक्षाचं व्यावसायिक गुपित, माहिती देता येत नाही. त्याच कलमात पुढे लिहिलंय की व्यापक जनहित असेल तर ती द्यावी. पहिलं अपील भाच्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलं, सोबत पाळण्याच्या पायाचा फोटो जोडला. तिकीट काढून आत जाऊन, सगळ्यांसमोर काढलेला.