फँटसी बास्केटबॉलमधला 'समोर कोण आहे' हा हिशोब आला कुठनं?

कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे जीव की प्राण, पेठापेठांतल्या तालमींच्या टीमा आणि शाहू स्टेडियमवरची गर्दी सगळ्यांना माहितीय, त्यात एनबीए, म्हणजे अमेरिकेची बास्केटबॉल लीग, बघणारी पोरं तशी कमीच. पण जी आहेत ती पक्की आहेत, आणि फँटसी खेळतात, म्हणजे खरे खेळाडू निवडून आपली कागदावरची टीम लावायची आणि ते मैदानात जे करतील त्याचे गुण आपल्याला. हिवाळ्यात न्यूयॉर्कची संध्याकाळी सातची मॅच आपल्याकडं पहाटे साडेपाचला चालू होते आणि त्याच्या आधीच ग्रुपवर सुरू, आज कोणाला घ्यायचं. त्यात एक वाक्य ठरलेलं असतं, "अरे ती टीम पॉइंट गार्डला लई पॉइंट देते, तिच्या समोरचा गार्ड उचल" (पॉइंट गार्ड म्हणजे बॉल पुढं नेऊन खेळ चालवणारा). ह्या वाक्यामागं जवळजवळ पन्नास वर्षांचा इतिहास आहे आणि तो माहिती असला की ते वाक्य कधी धरायचं आणि कधी सोडायचं हे बरंच कळतंय.

सुरुवात आकड्यांपासून. आज फँटसीत ज्याचे गुण मिळतात त्यातलं बरंच आधी कोणी मोजतच नव्हतं. एनबीएनं स्टील (समोरच्याकडनं बॉल हिसकावणं) आणि ब्लॉक (शॉट अडवणं) अधिकृतपणे नोंदवायला सुरुवात केली 1973-74 च्या सीझनपासून, खेळाडूगणिक टर्नओव्हर (बॉल घालवणं) त्याच्याही नंतर, 1977-78 पासून, आणि तीन पॉइंटची लाइन आली 1979-80 ला. म्हणजे पॉइंट, रिबाउंड (हुकलेला शॉट पकडणं), असिस्ट (ज्यावर बास्केट होते तो पास), स्टील, ब्लॉक, टर्नओव्हर हे सगळे रकाने एका कागदावर यायला सत्तरचं दशक संपत आलं.

आता त्या काळातला डिफेन्स बघा. झोन डिफेन्सला लीगमध्ये बंदी होती, प्रत्येकानं आपला माणूस धरायचा, बॉल ज्याच्याकडं त्याच्यावर दोघं धावून गेले तर चालायचं पण नुसतं जागा अडवून उभं राहायचं नाही. त्यामुळं आज कोण कोणावर हे सरळ दिसायचं, खासबागेत कुस्ती लावताना जशी जोड बघतात तसं, ह्याच्यासमोर हा, बस्स. मॅचअप हा प्रकार सगळ्यात खरा होता तो तेव्हा, आणि नेमकं तेव्हाच त्याचा आकडा कोणाकडं नव्हता. माझ्या मते ह्या सगळ्या गोष्टीतला हाच मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण पुढं जे झालं ते बरोबर उलटं झालं, आकडे येत गेले आणि जोड्या विस्कटत गेल्या.

2001-02 पासून झोनला परवानगी मिळाली, फक्त डिफेन्स करणाऱ्यानं कोणाला न धरता पेंटमध्ये (बास्केटसमोरच्या रंगवलेल्या पट्ट्यात) तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नाही असा नियम आला. मग 2004-05 ला हँड-चेकिंगवर कडक बंदी, म्हणजे बाहेरून बास्केटकडं ड्राइव्ह करणाऱ्या गार्डला हात लावून अडवणं बंद, आणि गार्ड लोक मोकळे सुटले. त्याच सीझनला फिनिक्स सन्सनं पळापळीचा खेळ करून 62 मॅच जिंकल्या, आदल्या सीझनला 29 जिंकल्या होत्या.

साधारण त्याच सुमाराला आकड्यांकडनंही मोठी हालचाल झाली. आकड्यांचा अभ्यासक डीन ऑलिव्हरनं 2004 मधल्या पुस्तकात पझेशनवर (टीमकडं बॉल आल्यापासून जाईपर्यंतची एक खेळी) हिशोब मांडला, आणि रोलंड बीचच्या 82गेम्स ह्या साइटवर एखादी टीम समोरच्या पॉइंट गार्डला काय करू देते, सेंटरला (बास्केटजवळ खेळणारा उंच गडी) काय करू देते हे पोझिशनप्रमाणं दिसायला लागलं. आज आपण ज्याला 'डिफेन्स व्हर्सेस पोझिशन' म्हणतो त्याचं मूळ इथंच कुठंतरी आहे, आणि तेव्हा त्याचा डेली फँटसीशी (एका रात्रीच्या मॅचपुरती टीम लावायची) काही संबंध नव्हता कारण डेली फँटसीच नव्हतं. फँटसी होतं, पण सीझनभराचं. न्यूयॉर्कच्या एका रेस्टॉरंटच्या नावावरनं 1980 ला डॅनियल ओक्रेंट आणि मित्रांनी सुरू केलेली रोटिसरी बेसबॉल लीग, मग बाकी खेळांत तेच. सीझनभर एकच टीम सांभाळायची म्हटल्यावर आज समोर कोण आहे ह्याला फार किंमत नसते, चांगला प्लेअर आहे ना, खेळव.

किंमत आली ती 2006 नंतर. अमेरिकेनं ऑनलाइन जुगाराच्या पैशांच्या व्यवहारांवर कायदा केला आणि त्यात फँटसीला सूट ठेवली, अटी अशा की बक्षीस आधीच ठरलेलं पाहिजे, निकाल कौशल्यावर पाहिजे, आणि एकाच मॅचमधल्या एकाच खेळाडूच्या कामगिरीवर सगळं अवलंबून नको. ह्या सूटीतनं डेली फँटसीच्या कंपन्या आल्या, 2009 ला फॅनड्युएल उभी राहिली आणि 2012 ला ड्राफ्टकिंग्स. रोज नवीन टीम, ठरलेलं बजेट, ड्राफ्टकिंग्सवर 50,000 डॉलरमध्ये आठ प्लेअर, फॅनड्युएलवर 60,000 मध्ये नऊ, अर्थात हे डॉलर नुसते कागदावरचे. आता एका रात्रीचा प्रश्न झाला म्हटल्यावर सगळ्यांचं लक्ष समोरच्या टीमकडं गेलं आणि ती जुनी पोझिशनची तक्ती एकदम सगळ्यांच्या हातात आली. ड्राफ्टकिंग्सवर तर प्लेअरच्या नावाशेजारीच समोरच्या टीमचा नंबर येतो, सोपी मॅच असली की हिरवा आणि अवघड असली की लाल, आणि नवीन माणूस तेवढं बघूनच टीम लावतो.

त्या हिरव्या नंबरात गडबड दोन-तीन ठिकाणी होते. पहिली म्हणजे वेग. समजा दोन टीमा आहेत, दोघी प्रत्येक पझेशनला सरासरी 1.1 पॉइंट देतात, म्हणजे डिफेन्स सारखाच. एक मॅचला 96 पझेशन खेळते, दुसरी 104. पहिली देणार साधारण 106 पॉइंट आणि दुसरी 114. तक्तीत दुसरी टीम ढिली दिसणार, पण ती ढिली नाही, पळते जास्त. फँटसीसाठी ती तरीही चांगलीच आहे, पण सगळ्याच पोझिशनसाठी, फक्त तुमच्या पॉइंट गार्डसाठी नाही. दुसरी म्हणजे मोजक्या मॅच. एखाद्या टीमच्या गेल्या दहा मॅचमध्ये योकिचसारखा लीगमधला दिग्गज सेंटर दोनदा येऊन गेला तर सेंटरच्या रकान्यात ती टीम रसातळाला जाणारच, त्यात त्यांच्या सेंटरचा काय दोष, आणि उद्या समोर साधा बॅकअप सेंटर असला तर तो काय योकिच होणार आहे का.

तिसरी सगळ्यात मोठी, पोझिशनच राहिली नाही. 2015 च्या फायनलमध्ये चौथ्या मॅचला वॉरियर्सनी आपला सेंटर बोगटला बसवून इग्वोडालाला सुरुवातीपासून उतरवलं, सेंटर नसलेला ग्रीन सेंटरला खेळला आणि सीरिज फिरली, इग्वोडाला फायनलचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू. त्यानंतर प्रत्येक स्क्रीनवर (समोरच्यानं आपल्या डिफेंडरची वाट अडवली की) धरायचा माणूस बदलायचा हे सगळीकडं पसरलं, ह्यूस्टननं 2017-18 ला तेच करून 65 मॅच जिंकल्या आणि 2020 मध्ये तर आपला सेंटर कपेलाला दुसऱ्या टीमला देऊन टाकून साडेसहा फुटांच्याही आतल्या टकरला सेंटरला लावलं. एका पझेशनमध्ये तीन जण तुमच्या प्लेअरला धरणार असतील तर पॉइंट गार्डला किती पॉइंट दिले ह्या आकड्यात नक्की कोणाचा डिफेन्स मोजलाय?

ह्याचं उत्तर कॅमेऱ्यांनी थोडंफार दिलं. 2013-14 पासून सगळ्या स्टेडियममध्ये वर छताजवळ स्पोर्टव्ह्यूचे कॅमेरे बसले, बॉल आणि दहाही खेळाडूंची जागा सेकंदाला 25 वेळा टिपायचे, आणि मग 2017-18 पासून एनबीएच्या साइटवर कोणी कोणाला किती वेळ धरलं हे माणसागणिक दिसायला लागलं. पोझिशनची सरासरी आणि हे आकडे शेजारी ठेवून बघा एकदा, लई फरक दिसतोय.

आपल्याकडं एनबीएनं 2017 ला ड्रीम11 बरोबर फँटसी आणली, 2019 च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत किंग्स आणि पेसर्सच्या दोन मॅच झाल्या तेव्हा अजून थोडी पोरं ओढली गेली. ऑगस्ट 2025 च्या कायद्यानं पैसे लावून खेळायचं बंद झालं, कौशल्याचा खेळ असला तरी. मला ते योग्यच वाटतं, कारण ज्यांना हा हिशोब आवडतो ते फुकटच्या लीगमध्येही तेवढ्याच तावातावानं भांडतात.

आता टीम लावताना मी आधी बघतो कोण बाहेर आहे आणि त्याची मिनिटं कोणाला जाणार, कारण किमती आधीच ठरलेल्या असतात आणि दुखापतीची बातमी नंतर येते, मग मॅचचा वेग, मग त्या माणसाला खरंच कोण धरणार. पोझिशनची तक्ती सगळ्यात शेवटी, एकाच किमतीचे दोन प्लेअर अडले असतील तरच.